साहेबांचं सुतक

माझं एक मोठं काम गेलं ते एका सरळ माणसामुळे. वाकड्या माणसांमुळेही माझी कामं गेली आहेत, पण त्यांचा मला फार राग येत नाही. वाकड्या माणसाशी घासाघीस करता येते. हा माणूस घासाघिशीला जागाच ठेवत नसे. आज त्याच्याविषयी लिहायला बसलोय ते कौतुक करायला नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या भागातल्या एका लहान नगरपालिकेत ते बांधकामाचे साहेब होते. कुठल्या ते विचारू नका. मूळचे वेल्ह्याकडचे, डोंगरातल्या एका वाडीचे. घरी मेंढरं आणि गुरं. शिकून इंजिनिअर झाले, पण चाल मेंढरांमागचीच राहिली: हळू, आणि थांबायचं नाव नाही. उन्हाळ्यातही खांद्यावर एक घडी घातलेला टॉवेल असे. तो कशासाठी हे कधी कळलं नाही, कारण त्यांना घाम आलेला मी पाहिला नाही. घाम यायचा तो त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्यांना.

मी हिर्डोशीचा. घाटाच्या रस्त्याला खडी फोडण्यापासून सुरुवात केली. मग दुसऱ्याच्या टेम्पोवर, मग स्वतःचा टेम्पो, मग ठेकेदारी. जे मिळवलं ते बोलून मिळवलं. कोथिंबिरीच्या जुडीपासून रोलरच्या भाड्यापर्यंत मी पहिल्या भावाला कधी हो म्हटलेलं नाही. साहेबांना हे फार आवडे. मोकळे असले की माझ्याबरोबर भोरच्या बाजारात येत, मी भाजीवालीशी भांडत असताना टॉवेल तोंडाला लावून हसत, आणि ती मला शिव्या देऊ लागली की तिच्याकडून पुऱ्या भावानं भाजी घेत. मला ते ‘दगडवाले’ म्हणत.

पण हे सगळं साहेब मोकळे असले तर.

टेंडर निघालं की ते उघडून काम कुणाला ते ठरेपर्यंत, साहेब टेंडर भरू शकेल अशा कुठल्याही माणसाशी बोलत नसत. तसा नियम सगळीकडे आहे. टेंडर चालू असताना भरणाऱ्यानं आणि अधिकाऱ्यानं कामाविषयी खाजगीत बोलू नये. नियमात ‘कामाविषयी’ असा शब्द आहे. साहेबांनी तो काढून टाकला होता. पावसाविषयी नाही, तब्येतीविषयी नाही, रामराम नाही. त्यांचं म्हणणं असं, “बोलण्याला उतार असतो. कुठूनही सोडा, पाणी टेंडरापाशीच येतं.”

त्या दिवसांत ते आपली खुर्ची खोलीतून उचलून व्हरांड्यात, पाण्याच्या माठाशेजारी आणून ठेवत. येणाराजाणारा प्रत्येक माणूस त्यांना बघे आणि ते कुणाशी बोलत नाहीत हेही बघे. फोन आला तर स्पीकरवर टाकत. एकदा वहिनींचा फोन आला आणि येताना मेथी आणायची आहे हे सगळ्या ठेकेदारांना कळलं. संध्याकाळी बाजारात मेथीच्या पाटीजवळ आमच्यापैकी एकजण उभा होता. साहेबांनी त्याला पाहिलं आणि घरी भोपळा नेला.

कचेरीत एक म्हातारा शिपाई होता. तो या सगळ्याला कंटाळला होता. कुणी नवा माणूस साहेबांकडे सरकू लागला की तो स्टुलावरूनच ओरडे, “ओ पाव्हणं, लांब! साहेब सुतकात हायेत. शिवू नका.”

तेव्हापासून तो शब्द पडला. आम्ही एकमेकांना फोन करून विचारायचो, “सुतक हाय का फिटलं?” टेंडर उघडून आदेश निघाला की शिपाई व्हरांड्यात येऊन जाहीर करायचा, “फिटलं!” मग साहेब खुर्ची आत नेत, बाहेर येऊन समोरच्या टपरीवर जात, आणि ज्यांची टेंडरं नापास झाली त्यांना आधी चहा पाजत. ज्याला काम मिळालं त्याला नाही. त्याला म्हणत, “तुमचा चहा काम झाल्यावर. रस्त्यावर पाणी साचलं नाही तर.”

एसटीचा किस्सा आमच्याकडे अजून सांगतात. सुतकातच साहेब भाटघरला निघाले होते. एक ठेकेदार चढला आणि मुद्दाम त्यांच्या शेजारी येऊन बसला. साहेब उठले. गाडी भरलेली. दुसरी जागा नव्हती. ते उभे राहिले आणि कंडक्टरला मोठ्यानं म्हणाले, “हे गृहस्थ शेजारी बसले होते. आमचं काही बोलणं झालेलं नाही. तुम्ही साक्षीला आहात.”

कंडक्टर म्हणाला, “साहेब, म्या तिकिटं फाडू का साक्षी देऊ?”

“दोन्ही,” साहेब म्हणाले आणि भाटघरपर्यंत उभे राहिले. त्यांची रिकामी जागा ठेकेदारालाही सहन होईना. तो मधेच उतरून गेला. जागा मिळाली ती एका शेळीवालीला.

शिवऱ्याच्या एका ठेकेदाराच्या मुलीचं लग्न सुतकात आलं. हायवेला लागून मोठा मांडव. साहेबांना मुलगी लहानपणापासून माहीत, न जाऊन कसं चालेल? ते गेले. मांडवाच्या बाहेर, चपला ठेवतात तिथं उभे राहिले, तिथूनच अक्षता टाकल्या आणि न जेवता परतले. वरबापाला वाटलं हा माणूस रुसलाय, म्हणून तो मागं धावला. साहेब त्याला म्हणाले, “तुम्ही टेंडर भरता का?” तो म्हणाला, “मी शाळामास्तर आहे.” “मग तुमच्याशी बोलायला हरकत नाही. लग्न छान झालं. तुमच्या व्याह्यांना सांगू नका.” आहेराची साडी त्यांनी टेंडर उघडल्यावर पोचवली. तोवर मुलगी माहेरपणाला आली होती.

हा शिवऱ्यावाला लक्षात ठेवा, तो पुढं येणार आहे.

मी काही भोळा नाही. बोलायचं नाही म्हणतात, पण लेखी प्रश्न विचारता येतो हे मला ठाऊक होतं. एका गटाराच्या टेंडरात मला एक खोच सापडली. नकाशात उतार एका बाजूला दाखवलेला आणि गाव उतरतं दुसऱ्या बाजूला. मी लेखी विचारलं. वाटलं, उत्तर मला मिळेल आणि मी त्याप्रमाणे दर धरीन. साहेबांनी माझा प्रश्न आणि त्याचं उत्तर, दोन्ही फळ्यावर लावलं आणि ऑनलाईनही टाकलं, सगळ्यांसाठी.

मी तापलो. व्हरांड्यात जाऊन शिपायाकडे बघून ओरडलो, कारण साहेबांकडे बघून ओरडता येत नव्हतं. “डोकं माझं आणि पीक सगळ्यांनी खायचं?”

साहेब शिपायाला म्हणाले, “त्यांना सांगा, पाणी कुठल्या बाजूला जातं हे कुणा एकाच्या मालकीचं नसतं.”

त्या दिवसापासून मी प्रश्न विचारणं सोडलं. हे पुढं मला महागात पडलं असं म्हणणारे म्हणतात. मी म्हणत नाही.

आता आईविषयी. साहेब नोकरीला नवे होते तेव्हा दुसऱ्या खात्यात होते आणि आमच्याकडच्या घाटरस्त्याच्या कामावर नेमलेले होते. मी तिथं खडी फोडत होतो. एकदा दरड आली, गाड्या बंद झाल्या आणि हा तरणा इंजिनिअर आमच्या घरी अडकला. आईनं त्याला नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं घातलं. शहरी साहेब म्हणून ती भीतभीत वाढत होती. त्यांनी भाकरी बघितली, अशी मोडली की चुलीशी वाढलेल्या माणसाशिवाय कुणाला मोडता येणार नाही, आणि म्हणाले, “आई, आमच्याकडं ह्याच्यावर लोणी घालत्यात. तुमच्याकडं न्हाई व्हय?” आई जी हसली ती त्यांची झाली. त्यानंतर वर्षातून एकदा तरी ते हिर्डोशीला येत, तिच्या हातची भाकरी खात आणि तिला गुराढोरांच्या गोष्टी सांगत. मी ठेकेदार झाल्यावर त्यांच्या येण्याला माझी टेंडरं आडवी येऊ लागली.

“ह्या साली इंजनेर आला न्हाई,” आई म्हणायची.

“आई, त्यांना सुतक आहे.”

“आगं बया! कोण गेलं?”

तिला समजावता समजावता मला दम लागायचा. शेवटी ती म्हणायची, “म्हंजी तुज्यामुळं येत न्हाई. तसं सांग की सरळ.”

ते मोठं काम निघालं तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. गावातला मुख्य रस्ता, काँक्रीटचा, दोन्ही बाजूंना गटार. असं काम मिळालं की ठेकेदाराचं नाव होतं. मी सगळी उमेद त्यावर लावली होती. रोलर भाड्यानं ठरवला, कागद जमवले, टेंडर भरलं. भरायची मुदत अजून संपायची होती, आणि आईनं धोसरा काढला, “इंजनेरला बोलव. येकदा बघू दे मला.”

डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत.

मी कचेरीत गेलो. साहेब माठाशेजारी. शिपाई मध्ये स्टुलावर. मी शिपायाला म्हटलं, “साहेबांना सांगा, आई जायला टेकली आहे. त्यांना बोलावलंय.”

शिपाई वळला. साहेब दोन हातांच्या अंतरावर बसलेले, त्यांना सगळं ऐकू आलं होतं. तरी त्यानं ते पुन्हा सांगितलं. साहेबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि मांडीवर ठेवला. मग शिपायाला म्हणाले, “त्यांचं टेंडर आहे ना आत?”

“हाय म्हनं,” शिपाई मला न विचारताच म्हणाला.

“मग मी त्यांच्या घरी कसा जाऊ?”

मी म्हटलं, “सांगा त्यांना, मी घरात थांबत नाही. मी भोरला येऊन राहतो. बायकोला सांगतो, चहासुद्धा देऊ नका.”

“घर त्यांचंच राहतं,” साहेब म्हणाले.

“पाच मिनिटंच या, सांगा त्यांना.”

“पाच मिनिटांत पुष्कळ बोलता येतं.”

“तोंड बांधून या म्हणावं! खिडकीतून बघा! आई बोलेल, तुम्ही नुसती मान हलवा!”

शिपाई डोक्याला हात लावून म्हणाला, “आवो, म्या मानूस हाय का तार? जरा दमानं.”

साहेब माठाकडे बघत म्हणाले, “त्यांना सांगा, टेंडर मागं घ्या. मुदत आहे अजून. मागं घेतलं की मी त्यांच्याच गाडीत बसतो.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्यानं मला एकच भाव सांगितला होता आणि तो खाली येत नव्हता. मी म्हटलं, “एका सहीनं कुणाचंही टेंडर बाद करणाऱ्या माणसाला एका म्हातारीला भेटायला भीती वाटते!” माठाच्या तिवईला लाथ मारली. माठ वाचला, शिपायानं कवळून धरला, पण पाणी सांडलं ते साहेबांच्या पायावर. ते पाय बाजूला न घेता तसेच बसून राहिले.

टेंडर मी मागं घेतलं नाही. का घ्यावं? आईला मी म्हटलं, “कामात आहेत.” ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं साहेब आले. एकटे, खांद्यावर टॉवेल. मी ओसरीवर होतो. ते अंगणात थांबले आणि माझ्याकडे न बघता माझ्या बायकोला म्हणाले, “वहिनी, यांना सांगा, मी त्या टेंडरातून बाहेर पडलोय. लेखी दिलंय की यांच्या घराशी माझा घरोबा आहे, तेव्हा हे काम दुसऱ्याकडं द्या. आता माझ्या जागी दुसरे साहेब. तरी ते उघडेपर्यंत मी यांच्याशी बोलणार नाही. आईंना भेटतो आणि जातो.”

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “ऐकलं.”

“आणि यांना सांगा,” साहेब म्हणाले, “जरा बाहेरच थांबा.”

म्हणून मी माझ्याच घराच्या ओसरीवर, माझ्याच आईच्या खोलीबाहेर पाहुण्यासारखा उभा राहिलो. आतून आईचा आवाज येत होता, बारीक, शब्द कळत नव्हते. मग साहेबांचा. मग एकदम साहेब मोठ्यानं हसले, टॉवेल तोंडाला लावायचं विसरून, आणि त्यांच्यामागून आई हसली. कितीतरी दिवसांत ती हसली नव्हती. बायकोनं भाकरी नेली. साहेबांनी ती खाल्ली, भांडं स्वतः अंगणात विसळलं, आणि घाटाच्या बाजूनं येणाऱ्या गाडीसाठी फाट्यापर्यंत चालत गेले. माझ्याशी एक शब्द नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यानं मला अजून पित्त होतं. नव्या साहेबांनी टेंडरं उघडली. दोन लिफाफे असतात, आधी कागदपत्रांचा, मग दराचा. सगळं ऑनलाईन असलं तरी आम्ही लिफाफाच म्हणतो. माझ्या पहिल्या लिफाफ्यात रोलरच्या भाडेकराराचा एक कागद अपुरा निघाला. बाद. दराचा लिफाफा उघडलाच नाही. काम गेलं शिवऱ्यावाल्याकडे. आणि त्यानं टपरीवर हसत हसत सांगितलं की त्याचाही तोच कागद अपुरा होता. फक्त त्याला नव्या साहेबांचा फोन आला होता: “एवढा कागद राहिलाय, आणून द्या.”

म्हणजे त्या टेंडरात बोलणं झालं. फक्त माझ्याशी झालं नाही.

मी तक्रार केली. उत्तर आलं की सर्व काही नियमानुसार आहे. आई त्यानंतर लवकरच गेली. दहाव्याला साहेब नदीवर आले, सगळ्यांच्या मागं उभे राहिले आणि नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाले, “दगडवाले.” एवढंच. आता सुतक माझं होतं, आणि न बोलण्याची पाळीही माझी. मी तोंड फिरवलं.

ते फिटायला मला बराच काळ लागला. साहेब निवृत्त झाले, भाटघरच्या बाजूला थोडी जमीन घेतली, भात आणि भाजी करू लागले. परवा तिकडं एका कामावर गेलो होतो तर ते बांधावर उभे दिसले. मी गाडी थांबवली. खरं सांगतो, भांडायला थांबवली.

“या,” ते म्हणाले. “चहा ठेवतो.” नोकरीत असताना त्यांनी माझ्या पैशाचा चहा कधी घेतला नाही, आणि आता स्वतः चूल पेटवत होते.

मी सरळ विषयाला हात घातला. “तुम्ही असता तर माझं काम गेलं नसतं.”

“मी असतो तर तुमचा कागद बादच झाला असता. अपुरा होता.”

“आणि शिवऱ्यावाल्याचा?”

“त्याचाही.”

“मग चाललं असतं की!” मी ओरडलो. “दोघंही बाद! मी कुठं जास्त मागत होतो?”

साहेबांनी टॉवेल तोंडाला लावला.

“हसू नका. राखण करणारा माणूस उठून गेला आणि मेंढरं लांडग्यानं मोजली. तुम्ही बाहेर पडणार होता तर मला आधी विचारायचं होतं. मी सांगितलं असतं, पडू नका.”

“विचारलं असतं तर बोलणं झालं असतं,” साहेब म्हणाले.

मी चहा प्यालो. समोर धरणाचं पाणी खाली गेलं होतं आणि काठाची लाल माती उघडी पडली होती. थोड्या वेळानं मी विचारलं, “त्या दिवशी आत आईशी काय बोललात? हसला होता.”

“सांगू? आता सांगायला हरकत नाही.” त्यांनी कप खाली ठेवला. “तुमच्या आईनं मला जवळ बसवलं. हात धरला. म्हणाली, ‘इंजनेर, तुमी माज्या हातची भाकर खाल्लीया. त्ये रस्त्याचं काम माज्या पोराला द्या. तोंडानं तापट हाय, पर काम खोटं करायचा न्हाई.’”

मी कप हातात धरून बसलो.

“मी म्हटलं, आई, मी आता त्या टेंडरात न्हाई. तुमाला भेटायचं म्हणून सोडून आलो. म्हातारी माझ्याकडं बघतच राह्यली. मग हात सोडला आणि म्हणाली, ‘मंग आला कशाला?’”

साहेब हसले, ओसरीवरून ऐकलं होतं तसेच. घासाघीस मी खडीवर शिकलो असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो होतो. ते काही खरं नव्हतं.

माझा राग गेला असं समजू नका. काम गेलं ते गेलंच, आणि त्या रस्त्यावरून जाताना मी अजूनही दुसऱ्या बाजूला बघतो. निघताना साहेब गाडीपर्यंत आले. दारावर हात ठेवून म्हणाले, “सध्या कुठं भरलंय का टेंडर?”

मी काच वर घेतली आणि काचेतूनच हातानं खूण केली, की हे बोलणं होतंय.